बिनतिखटाची कोंबडी

शालिकराम धाकट्या मुलाच्या घरी जेवायला आले ते स्वतःचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणि स्वतःचा लाकडी चाटू घेऊन. वाडीच्या नाक्यावर उतरताना ऑटोवाल्याने विचारलं म्हणे, बाबाजी, कोणाच्या लग्नाचा स्वयंपाक आहे का. शालिकरामांनी गंज डोक्यावर चढवला आणि ते चालू लागले. चाळीस वर्षं त्या गंजात त्यांच्या हातची कोंबडी शिजली होती, आणि भिवापूरच्या मिरची पट्ट्यात ती खाऊन रडला नाही असा पाहुणा सापडायचा नाही. तिथे रडणं म्हणजेच दाद. जो माणूस नाक न पुसता पंगतीतून उठला त्याच्याशी सोयरीक करू नये, असं त्यांचे वडील सांगत.

आणि आज त्यांना बिनतिखटाची कोंबडी करायची होती, तीही अननस घालून.

त्यांच्या मागून थोरली सून अपेक्षा आली आणि तिच्याही मागून त्यांची बायको प्रेमिलाबाई. सासूबाई फाटकाशीच थांबल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते, जणू बाहेर थंडी होती. फेब्रुवारीची अखेर होती आणि उन्हाचा चटका बसायला लागला होता.

धाकटी सून वैभवी दारात उभी होती. सासूला पाहून तिला आधी बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली. अकरा दिवसांपूर्वी याच दारातून या बाईला आपण जवळजवळ हाकलून दिलं होतं, हे ती विसरलेली नव्हती.

झालं होतं ते असं. मूल व्हावं म्हणून धंतोलीतला एकही दवाखाना सोडायचा नाही असं व्रत घेतल्यासारखी नऊ वर्षं काढल्यावर वैभवी आणि तिचा नवरा धर्मेंद्र यांनी दत्तक मुलीसाठी नाव नोंदवलं. तीन वर्षांनी आगरतळ्याच्या संस्थेतून साडेपाच वर्षांची रितिका घरी आली. घरातल्या मोठ्या बाईने नव्या माणसाला पहिला घास भरवायचा, ही त्यांच्याकडची रीत. प्रेमिलाबाई पहाटेची एसटी धरून आल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या सातऱ्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. सातऱ्यावर म्हणजे मैदानावर वाळत पडलेल्या मिरच्यांच्या लाल समुद्रात, आणि तेही सलग दोन महिने. हात तीनदा साबणाने धुतले होते त्यांनी. पण दोन महिन्यांची मिरची साबणाला काय दाद देते? त्यांच्या स्वतःच्या कातडीला ती कधीच कळेनाशी झाली होती. त्यांनी शिऱ्याचा घास पोरीच्या ओठांना लावला आणि पोरीने किंकाळी फोडली. बाई घाबरल्या. पोरगी रडते म्हणून त्यांनी तिचे डोळे पुसले, त्याच हातांनी. मग जे झालं ते विचारू नका. वैभवीने पोरीला हिसकावून घेतलं आणि ओरडली, "आई, हात नका लावू तिले!"

त्या संध्याकाळी प्रेमिलाबाई पोरीसाठी आणलेला फ्रॉक पिशवीतच ठेवून परत गेल्या.

तेव्हापासून रितिकाने कोणाच्या हातचं काही खाल्लं नाही. पोरगी हुशार होती. बंद पुड्यातली बिस्किटं खायची, स्वतः सोललेलं केळं खायची आणि दूध प्यायची. शिजवलेलं काही समोर आलं की आधी वास घ्यायची आणि ताट हळूच लोटून द्यायची. वजन दीड किलोने उतरलं होतं. उद्या सोमवारी इथल्या दत्तक संस्थेच्या बाई भेटीला येणार होत्या, आणि दत्तकाचा शेवटचा कागद अजून हातात आलेला नव्हता. वैभवीला रात्री झोप लागत नव्हती. बाईंनी पोरीला वजनकाट्यावर उभं केलं तर आपण काय सांगायचं, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तीन दिवसांपूर्वी फळांच्या हातगाडीपाशी पोरगी अचानक थांबली होती. बोट दाखवून "आनारस" म्हणाली होती. या घरात आल्यापासून तिने स्वतःहून उच्चारलेला तो पहिला शब्द. वैभवीने संस्थेत फोन लावला. तिथल्या स्वयंपाकीण मावशींनी अर्ध्या बंगालीत आणि अर्ध्या हिंदीत सांगितलं की सणाला त्या अननस घालून कोंबडी करायच्या, आंबटगोड, सोबत मऊ भात, आणि ही कार्टी दोनदा मागून घ्यायची. वैभवीने ते वहीत लिहून घेतलं आणि थेट सासऱ्यांना फोन केला. कारण या घरात कोंबडी करावी ती शालिकरामांनीच, आणि तीही घराबाहेर, विटांच्या चुलीवर. आतल्या स्वयंपाकघरात देव होते.

"फळ खायचं तं फळ खा, कोंबडी खायची तं कोंबडी खा," शालिकराम मागच्या अंगणात विटा मांडताना म्हणाले. "दोघाईले एका गंजात काहून घालता?"

पण घालायला ते आले होते. सत्तरीचा माणूस गंज डोक्यावर घेऊन दोन गाड्या बदलून आला होता, त्यावरून काय ते समजावं.

अपेक्षा मात्र भांडायच्या तयारीने आली होती. अकरा दिवस तिने सासूला पाहिलं होतं. म्हातारी सातऱ्यावर जायची बंद झाली होती. सकाळी उठून हाताला लिंबू चोळायची, मग ताक, मग चिंचेचं पाणी, मग गोडं तेल, आणि शेवटी हात नाकाशी नेऊन हुंगायची. अपेक्षाचा नवरा अमोल म्हणाला, आई, आता काय कातडी सोलतेस का. त्यावर तिने दुसरं लिंबू कापलं. शेवटी अपेक्षाच एक दिवस सासऱ्यांना म्हणाली, की धाकटीने आईचा अपमान केला आणि तुम्ही कोणी तिला एक शब्द बोलत नाही. शालिकरामांना वाटत होतं, बायका गोष्टी वाढवतात. हात आहे, धुतला की स्वच्छ होतो.

अंगणात चूल पेटली. धर्मेंद्र अननस सोलत बसला. गोडाऊनमध्ये दिवसभर मालाच्या पावत्या फाडणारा हा माणूस अननसाच्या डोळ्यांपुढे मात्र हरला; निम्मं अननस सालीसोबतच गेलं. वास मात्र घरभर पसरला, आणि खिडकीत बसून अमरावती रोडवरचे ट्रक मोजणारी रितिका उठून मागच्या दारापर्यंत आली. तिथून पुढे आली नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पायरीवर प्रेमिलाबाई बसल्या होत्या. पोरगी त्यांच्याकडे पाहून दाराच्या आड झाली. प्रेमिलाबाईंनी पदर आणखी ओढून घेतला.

ठरलं असं की आधी रस्सा करायचा. कांदा, आलं, हळद, अननसाचा रस, थोडी साखर, मीठ, आणि मावशींनी बजावून सांगितलेलं मोहरीचं तेल. रस्सा जमला की त्यात कोंबडी सोडायची. शालिकराम चाटू फिरवत होते आणि दर दोन मिनिटांनी तळहातावर थेंब घेऊन चाटत होते.

"निरं पाणी हाय," ते म्हणाले.

धर्मेंद्रने चाखलं. त्यालाही काही लागलं नाही. अपेक्षाने चाखलं आणि म्हणाली, आजाऱ्याचा काढा यापेक्षा झणझणीत असतो. तिघांचं एकमत झालं, आणि या घरात तिघांचं एकमत होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. पण वैभवी तिथेच घुटमळत राहिली. तिनेही चाखलं होतं, तिलाही काही लागलं नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. बारा वर्षं या घरची भाजी खाऊन आपल्या जिभेचं काय राहिलं आहे, हे तिचं तिलाच सांगता येईना.

मग ती शेजारच्या यमुताईंना बोलावून आली. यमुताई ऐंशीच्या, पोस्टातल्या नोकरदाराच्या विधवा. त्यांच्या घरी भाजीत मिरची पडते ती फक्त पाहुण्यासारखी, पडली की लगेच बाहेर. त्या स्वतःची वाटी आणि स्वतःचा चमचा घेऊन आल्या.

"मांस पडलं नाही ना अजून?" त्यांनी विचारून घेतलं. मग चमच्याच्या टोकावर रस्सा घेतला आणि जिभेला लावला.

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग डोळ्यांतून पाणी आलं. वैभवीने पळत जाऊन साखर आणली.

"अहो, हे तिखट आहे," साखर चघळत यमुताई म्हणाल्या. "लेकरू तर जाऊ द्या, मलाच सोसलं नाही."

"मिरचीचा कण नाई त्यात," शालिकराम म्हणाले. मग त्यांनी हातातल्या चाटूकडे पाहिलं. नखाने त्याची कड खरवडली. वरचं लाकूड काळपट होतं, आणि खरवडल्यावर आत ते लालच निघालं. चाळीस वर्षं रस्सा पिऊन लाकूडच मिरचीचं झालं होतं. त्यांनी स्वतःचा तळहात पाहिला, ज्यावर ते थेंब घेत होते. तो जिभेला लावला. काही लागलं नाही.

चाटू त्यांनी चुलीच्या कडेला ठेवून दिला. त्यांना एकदम खूप वाईट वाटलं. ज्या गोष्टीचा जन्मभर अभिमान वाटला ती एखाद्या लेकराला इजा करू शकते, आणि करणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी पायरीवर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. अकरा दिवस आपण तिला हात धुताना पाहिलं आणि मनातल्या मनात हसलो, याची त्यांना लाज वाटली.

"अमोलची माय," ते हळूच म्हणाले, "तुले कसं वाटलं असन ते आता समजलं मले."

प्रेमिलाबाई उठल्या. 

"घरात चढवा," त्या म्हणाल्या.

अपेक्षाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. घरात कोंबडी? धर्मेंद्रने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. धर्मेंद्रने एकदा उकडलेलं अंडं स्वयंपाकघरात नेलं म्हणून याच बाईने त्याला श्रावणभर अंगणात जेवायला बसवलं होतं.

"वैभवीनं पोरीसाठी नवा गंज घेतला ना, दुधाचा? त्याच्यात करा. तिच्याच गॅसवर." प्रेमिलाबाईंनी सांगितलं. "देवाचं मी पाह्यतो."

त्यांनी खरंच पाहिलं. स्वयंपाकघरातल्या देवांच्या फळीला पडदा होता, तो कोपराने सारून नीट लावून घेतला. देवांशी काय बोलायचं ते त्या मनात बोलल्या असतील. त्यांचे ओठ हलताना अपेक्षाने पाहिले.

मग दुसरी पंचाईत निघाली. शालिकरामांचे हात मिरचीचे, प्रेमिलाबाईंचे मिरचीचे आणि अपेक्षाचेही मिरचीचे. त्या स्वयंपाकाला हात लावू शकतील अशी दोनच माणसं घरात उरली. तेव्हा तिघे भिवापूरकर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हात मागे बांधून ओळीने उभे राहिले आणि आतल्या दोघांना सूचना द्यायला लागले. कांदा जाळू नको. आलं ठेचून घे, किसू नको. आता झाकण घाल. आता काढ. शालिकरामांना हात न लावता स्वयंपाक करणं म्हणजे तोंड बांधून गाणं म्हणण्यासारखं होतं, पण त्यांनी निभावलं. रस्सा झाल्यावर यमुताईंनी दुसऱ्यांदा चव घेतली. या वेळी त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, अजून थोडा घाल गं, कोंबडी पडायच्या आत. वाटीभर घेऊन त्या घरी गेल्या.

कोंबडी शिजत असताना धर्मेंद्र पोरीपाशी जाऊन बसला. अपेक्षा चटया टाकायला बाहेर गेली, शालिकराम चूल विझवायला गेले. स्वयंपाकघरात वैभवी, आणि उंबऱ्यावर सासू. वैभवी मागे वळली नाही. तोंड गंजाकडेच ठेवून ती बोलायला लागली.

"आई, त्या दिवशी मी तुमाले जे बोलली…"

"बरोबर बोलली तू."

"नाई, आई. तसं बोलायले नव्हतं पायजे."

"काहून नव्हतं पायजे?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "बारा वर्षं तू माह्यापुढं मान वर करून बोलली नाई. मी म्हणतो तं म्हणू देत होती. त्या दिवशी लेकराले लागलं तशी वाघिणीवानी अंगावर आली. मी एसटीत बसून लय रडलो वं. पण रडता रडता मले एक वाटलं. लेकरासाठी सासूले बोलली नाई, ते माय कशाची?"

वैभवीच्या हातातला झारा थांबला. माय हा शब्द तिला आजवर कोणी लावला नव्हता, त्या पोरीनेही नाही. ती गॅसशी उभ्या उभ्याच रडली, आणि सासू उंबऱ्यावर उभी राहून तिला रडू देत राहिली. पुढे होऊन पाठीवर हात ठेवावा असं प्रेमिलाबाईंना फार वाटलं. पण आपल्या हातची मिरची सुनेच्या अंगावरून मग पोरीला लागली असती, म्हणून त्यांनी हात पदराखालीच धरून ठेवला.

साडेसात वाजता पानं वाढली. पुढच्या खोलीत दोन चटयांवर सगळे समोरासमोर बसले. शालिकरामांनी हुकूम सोडला की पोरीकडे कोणी पाहायचं नाही, ज्याने त्याने आपल्या ताटात पाहायचं. सगळे ताटात पाहायला लागले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पोरीकडे.

रितिकासमोर मऊ भात होता आणि त्यावर पिवळा, दाटसर रस्सा. अननसाच्या फोडी मऊ होऊन कडेला कोंबडीच्या तुकड्यांना चिकटल्या होत्या. तिने वाकून वास घेतला. एक फोड बोटाने उचलली आणि जिभेच्या टोकाला लावली. थांबली. खोलीत शालिकरामांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग तिने ती फोड तोंडात टाकली आणि तिच्यामागून भाताचा घास घेतला. मग दुसरा. मग कोंबडीचा तुकडा दोन्ही हातांनी धरून ती मन लावून खायला लागली, आणि रस्सा तिच्या कोपरापर्यंत ओघळला.

धर्मेंद्रने डोळे पुसले. तिखट न खाता या घरच्या पंगतीत पहिल्यांदाच कोणी डोळे पुसत होतं.

"आजी नाई जेवून राहिली," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

खरंच होतं ते. प्रेमिलाबाईंच्या ताटात नुसता भात आणि साधं वरण होतं. अठरा वर्षांपूर्वी अमोलला शेतात साप चावला, तो तीन दिवस शुद्धीवर नव्हता. तो वाचला त्या दिवशी त्यांनी गळ्यात माळ घातली आणि मांस कायमचं सोडलं. पण आज वरणभातालाही त्यांनी हात लावला नव्हता. पोरीच्या समोर तो हात पदराबाहेर काढायला त्यांचा जीव धजत नव्हता. ती पुन्हा घाबरली आणि ताट लोटून उठली तर? आपण मागून जेवू, त्यांनी ठरवलं होतं.

रितिका खाता खाता थांबली. समोरच्या म्हातारीच्या हात न लावलेल्या ताटाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग आपल्या ताटातला एक तुकडा उचलला, रस्सा ठिपकत चटई ओलांडली आणि आजीपुढे येऊन उभी राहिली. तुकडा तिच्या तोंडाशी धरला.

"झाल नेई," ती म्हणाली.

कोणालाच कळलं नाही. अकरा दिवसांत बंगालीचे चाळीसेक शब्द पाठ केलेल्या वैभवीने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज फुटला.

"तिखट नाही म्हणते, आई. तुम्ही तिखटाले भिऊन जेवत नाही असं वाटून राहिलं तिले."

पोरीच्या बोटांत कोंबडीचा तुकडा होता. अपेक्षा अर्धवट उठली. ती माळ तिच्या नवऱ्याच्या जिवासाठी घातलेली होती.

"आई, माळ…"

प्रेमिलाबाईंनी अपेक्षाकडे पाहिलं. रागाने नव्हे, परवानगी मागावी तसं. अपेक्षाला त्या क्षणी सासू फार थकलेली दिसली आणि फार आनंदात दिसली. ती तशीच खाली बसली.

प्रेमिलाबाईंनी तोंड उघडलं. रितिकाने तुकडा आत ठेवला आणि बोटं आपल्याच फ्रॉकला पुसली. त्या हळूहळू चावायला लागल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात बाहेर काढता येत नव्हता. पोरगी समोर उभी राहून त्यांच्या जबड्याची हालचाल बघत होती. गिळलं याची खात्री झाल्यावर ती वळली आणि दुसरा तुकडा आणायला आपल्या ताटाकडे गेली. ताटात एकच हाड उरलं होतं. तेव्हा अपेक्षानेच डाव उचलला आणि तिच्या ताटात दोन तुकडे वाढले.

"कसं झालं?" शालिकरामांनी विचारलं. अठरा वर्षांत बायकोला हा प्रश्न विचारायची सोयच उरली नव्हती.

प्रेमिलाबाईंनी घास नीट गिळला आणि विचार केला.

"मीठ कमी सांगतलं जी तुमी," त्या म्हणाल्या.

 शालिकराम मीठ आणतो म्हणून उठून आत गेले. डबा गॅसजवळच होता, पण त्यांना बाहेर यायला बराच वेळ लागला.